‘घरात एकच भाषा बोला’ : एका सल्ल्याची उलटतपासणी

पुण्यातल्या एखाद्या नव्या वसाहतीत दोन वर्षांचं मूल जेमतेम चार-पाच शब्द बोलत असेल, तर त्याच्या आईवडिलांना एक सल्ला फुकट मिळतो : घरात एकच भाषा बोला, पोर गोंधळतंय. सल्ला देणाऱ्यांत शेजारी असतात, नातेवाईक असतात, प्ले-ग्रूपच्या बाई असतात आणि अधूनमधून बालरोगतज्ज्ञही असतात. घर कसं असतं? वडील साताऱ्याकडचे, आई धारवाडची, दोन्हीकडचे आजी-आजोबा आलटून-पालटून मुक्कामाला, मूल सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलणाऱ्या. यातली कुठली भाषा ठेवायची? उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. ठेवायची ती इंग्रजी, कारण पुढे शाळा इंग्रजी आहे. बाकीच्यांनी आवरतं घ्यायचं.

मेंदूला दोन भाषा झेपत नसतील, तर कुठलीही एक काढली तरी भागायला हवं. मग दर वेळी आजीचीच का काढावी लागते? गोंधळ टाळायला इंग्रजी कमी करा, असं सांगणारा सल्लागार शोधूनही सापडत नाही. सल्ल्याबद्दल पहिली शंका यायला हवी ती इथेच.

हा सल्ला शास्त्रीय वाटतो, कारण एके काळी त्याला शास्त्राचा शिक्का होता. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे चौदाशे शाळकरी मुलांच्या बुद्धिमापनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी ग्रामीण मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मागे पडलेली त्यात दिसली. पुढच्याच वर्षी याच विषयावर सहकाऱ्यांसह त्यांचं पुस्तक आलं आणि ‘द्विभाषिकतेचा प्रश्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच अभ्यासात शहरी मुलांमध्ये मात्र असा फरक आढळला नव्हता. दोन भाषांनी बुद्धी मंद होत असेल तर ती गावात मंद होते आणि शहरात होत नाही, याचा अर्थ काय? साध्या कारकुनालाही हा हिशेब खटकला असता. गावातली गरिबी, शाळेत जाण्याचं प्रमाण, परीक्षेची भाषा, घरी पुस्तकं असणं-नसणं, या सगळ्याचं खापर वेल्श भाषेवर फुटलं.

अमेरिकेत तर याच सुमारास स्थलांतरितांवर दारं बंद करायचा कायदा झाला होता. त्या वातावरणात १९२६ साली मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचे गुण मांडले. ज्या गटांत घरी परकी भाषा जास्त बोलली जात होती, त्या गटांचे गुण कमी. याचे दोन अर्थ त्यांनी पुढे ठेवले : घरातली परकी भाषा मुलाला मागे ओढत असेल, नाहीतर मुळात कमी बुद्धीचे गटच नवी भाषा शिकत नसतील. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाचं पोर नव्या देशातल्या परीक्षेत मागे पडणारच, हा तिसरा आणि सरळ अर्थ त्या काळच्या पंडितांना फारसा सुचला नाही.

या समजुतीचा पाया ढासळला तो माँट्रियलमध्ये. मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ साली दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, पण आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असलेल्यांचीच. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं एकभाषी मुलांपेक्षा कित्येक चाचण्यांत पुढे निघाली. दोन्ही भाषा सारख्याच येणारीच मुलं त्यांनी निवडली, म्हणजे हुशारच मुलं आपोआप निवडली गेली असतील, असा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त आहे. तरीही सेअर यांचा निष्कर्ष त्यानंतर उभा राहू शकला नाही. विद्यापीठात मोडीत निघालेली ही समजूत दवाखान्यात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र धडधाकट आहे.

आता ‘गोंधळा’कडे वळू. मूल दोन भाषांची सरमिसळ करतं, म्हणजे त्याला त्या वेगळ्या कळत नाहीत, असा हा तर्क आहे. १९७८ मध्ये व्होल्टेरा आणि टेश्नर या संशोधिकांनी मोजक्या मुलींच्या बोलण्यावरून तसंच मांडलं होतं : सुरुवातीला मुलाच्या डोक्यात शब्दांचा एकच साठा असतो, भाषा नंतर वेगळ्या होतात. १९८९ साली फ्रेड जेनेसी यांनी त्यावर साधा प्रश्न विचारला. आईवडील मुलाशी बोलताना स्वतः किती सरमिसळ करतात, हे कुणी नोंदवलंय का? फारसं कुणी नोंदवलं नव्हतं.

हा प्रश्न मराठी घरांत विचारून पाहावा. ‘शूज काढ, हँड वॉश कर, मग आपण राईस खाऊ’ असं दिवसभर ऐकणारं मूल ‘मला वॉटर दे’ म्हणालं, की तेच आईवडील चिंतेत पडतात. खरं तर ते मूल घरची बोली अचूक शिकलेलं असतं. त्याच्या वाक्यात ‘मला’ जागेवर आहे, ‘दे’ जागेवर आहे, उसनं फक्त नाम आहे. मोठी माणसं इंग्रजी क्रियापदाला ‘करणं’ जोडून कामाला लावतात, तसंच तेही ‘बॉल कॅच केला’ म्हणतं आणि ‘केला’चं लिंग बॉलशी जुळवतं. कुणी न शिकवता दोन वर्षांच्या पोराने हे नियम उचललेले असतात. याला गोंधळ म्हणायचं, तर मराठी मध्यमवर्गाच्या रोजच्या बोलण्याला काय म्हणायचं?

भाषा वेगळ्या ओळखण्याची तयारी तर जन्मापासून असते. फ्रान्समध्ये जाक मेलेर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की चार दिवसांची बाळं फ्रेंच आणि रशियन बोलण्यातला फरक टिपतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याहून मार्मिक आहे. गरोदरपणात इंग्रजी आणि तगालोग या दोन्ही भाषा नियमित बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं आणि फक्त इंग्रजी बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं, यांची तुलना त्यात होती. एकभाषी आयांची बाळं इंग्रजीकडे ओढली गेली. द्विभाषी आयांच्या बाळांनी दोन्ही भाषांत रस दाखवला आणि त्या दोन्ही वेगळ्याही ओळखल्या.

या प्रयोगामागच्या संशोधकांपैकी जॅनेट वेर्कर यांचं जुनं काम तर मराठी कानांना आपलंसं वाटेल. रिचर्ड टीस यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी इंग्रजी घरांतल्या कॅनेडियन बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. इंग्रजीला या फरकाचं काही काम नसल्याने दहा-बारा महिन्यांपर्यंत ती जाण बहुतेकांत मावळली, हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांत मात्र टिकून राहिली. म्हणजे ज्या वयात मुलाला ‘अजून काय कळतंय’ असं आपण म्हणतो, त्याच वयात त्याचा कान कुठले भेद ठेवायचे आणि कुठले सोडायचे, हे ठरवत असतो. घरात ‘ट’ आणि ‘त’ दोन्ही बोलणारी माणसं असली, तर ठरवणं सोपं जातं.

‘पण आमचं बाळ उशिरा बोलतंय, त्याचं काय?’ हा खरा काळजीचा प्रश्न आहे, आणि त्याला थट्टेवारी नेणं बरोबर नाही. आधी मोजायचं कसं ते पाहू. वर सांगितलेल्या साताऱ्या-धारवाडच्या घरातलं मूल वडिलांकडे ‘दूध’ मागतं, आईकडे ‘हालु’. मांजर दिसली की कधी ‘माऊ’, कधी ‘बेक्कु’. पाण्याला मात्र ‘नीरु’च म्हणतं, कारण पाणी पाजते आज्जी. दवाखान्यात इंग्रजी शब्दांची यादी पुढे करून यातलं काय येतं असं विचारलं, तर त्याच्या पदरी भोपळा. फक्त मराठी मोजलं तरी तोकडं. बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी मुलांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही भाषा मिळून हिशेब केला, तेव्हा ही मुलं एकभाषी मुलांच्या मागे नव्हती. २०१२ मध्ये एरिका हॉफ यांच्या गटानेही दक्षिण फ्लोरिडात असंच पाहिलं. एकेकट्या भाषेत ही मुलं त्या वयात थोडी मागे असतात, कारण दिवसाचे तास दोन भाषांत वाटले गेलेले असतात. एकूण बेरीज मात्र बरोबरीची भरते. दोन भाषांचा काहीही भार पडत नाही असा दावा कुणी करू नये, पण जो भार पडतो तो आजाराचा नव्हे, वाटणीचा असतो.

‘दोन भाषांमुळे उशिरा बोलतात’ या समजुतीचं सगळ्यात घातक रूप वेगळंच आहे आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. घरात तीन भाषा आहेत ना, मग बोलेल सावकाश, थांबा, असं म्हणून कितीतरी घरं वर्ष घालवतात. मुलाला ऐकूच कमी येत असेल तर हे वर्ष फार महागात पडतं. सोळा महिन्यांपर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नाही, हाक मारल्यावर वळून पाहणं नाही, बोट दाखवून काही मागणं नाही, तर घरातल्या भाषा मोजत बसू नये. आधी कानांची तपासणी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय संस्था आहे, आणि ‘ओएई’सारखी चाचणी तर नवजात बाळाचीही होते, झोपेत असताना. बहुभाषिकतेला दोष देणारा डॉक्टर इथे दुहेरी नुकसान करतो : खरं कारण हुकतं आणि घरातली एक भाषा बंद होते.

ज्यांना खरोखरच विकासाची अडचण आहे, त्या मुलांच्या बाबतीत तरी एकभाषेचा आग्रह योग्य असेल, असं वाटू शकतं. तसंही दिसत नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची तुलना केली. दोन भाषांत वाढणारी मुलं, त्याच स्थितीतल्या एकभाषी मुलांच्या तुलनेत, इंग्रजीत मागे नव्हती. स्वमग्न मुलांबाबत २०१२ मध्ये हँबली आणि फोंबोन यांच्या अभ्यासातही द्विभाषी घरामुळे भाषेचा जादा तोटा आढळला नाही. अशा मुलाशी आजीने बोलणं थांबवायचं, म्हणजे आधीच मोजक्या असलेल्या त्याच्या माणसांतलं एक कमी करायचं.

आपल्याकडे हा वाद खरं तर उपराच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. गावातल्या जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दोर वळणाऱ्यांकडे तेलुगू, आणि एकमेकांशी बोलायला मराठी. पिढ्यान्‌पिढ्या अशा बोलण्यातून या भाषांच्या वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता येतं, असं त्यांनी दाखवलं. कुपवाडच्या पोरांचा गोंधळ उडतो, अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध मुलांचा दीर्घ अभ्यास केला : काही भागांत कोंध आपली कुई भाषा टिकवून ओडियाही बोलतात, काही भागांत फक्त ओडिया उरली. समाज तोच, परिस्थिती बरीचशी सारखी. दोन भाषा टिकवलेली मुलं भाषेविषयी विचार करण्याच्या कसोट्यांवर सरस ठरली. २०११ च्या जनगणनेत दोन भाषा येणारे भारतीय सुमारे २६ टक्के आणि तीन येणारे सुमारे ७ टक्के भरले. म्हणजे तीस कोटींवर माणसं.

इथे मराठी वाचकाने थोडं स्वतःच्या अंगणातही पाहावं. भामरागडला माडिया बोलणारं किंवा मेळघाटात कोरकू बोलणारं मूल अंगणवाडीत किंवा शाळेत आलं, की त्याच्यापुढे येते ती मराठी. तिथे घरची भाषा सोडून द्या, पोर पटकन शिकेल, हा सल्ला मराठी माणूसच देतो. इंग्रजीच्या दारात जे आपल्याला खुपतं, तेच आपण दुसऱ्याच्या दारात बिनदिक्कत करतो.

शहरी घरात एकभाषेचा सल्ला पाळला गेला की प्रत्यक्षात काय घडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ज्या आईवडिलांना मराठीत टोमणा मारता येतो, लाडीगोडी लावता येते, गोष्ट रंगवून सांगता येते, ते मुलाशी इंग्रजीत बोलायला लागतात आणि त्यांचं बोलणं हुकमांवर येतं. सिट डाऊन. कम हिअर. डोन्ट टच. फिनिश युवर मिल्क. आज्जी तर गप्पच होते, कारण तिला तेवढंही येत नाही. काल संध्याकाळी गच्चीवर पतंग अडकला तो कसा काढला, मावशीच्या घरी मांजरीला पिल्लं झाली ती कुठे लपवली, ‘मग काय झालं’, ‘का बरं’, ‘तू असतास तर काय केलं असतंस’, हे सगळं बोलणं आटतं. मुलाची भाषा वाढते ती अशा लांबलचक, वळणं घेणाऱ्या गप्पांतून. मोडक्या इंग्रजीतल्या आज्ञा त्याला शाळेच्या मुलाखतीपुरतं तयार करतील, त्यापलीकडे फारसं काही देणार नाहीत.

त्या आज्ञांची उणीव भरून काढायला मोबाइलवरची इंग्रजी बालगाणी लावली जातात. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसवली. त्यांनी बाळांशी खेळत, पुस्तकं दाखवत बारा बैठका केल्या. मँडरिनमधले इंग्रजीत नसलेले ध्वनी ही बाळं ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच पुस्तकं पडद्यावर दाखवली. त्या गटाच्या हाती काहीच लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या मुलालाही पडदा नको म्हटलं, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासाभराची मर्यादा घातली. ‘यूट्यूबवर इंग्रजी शिकतोय’ या समाधानामागे बहुतेक वेळा पालकांच्या जेवणाची वीस मिनिटं शांततेत जावीत एवढाच हेतू असतो, आणि तो हेतू समजण्यासारखा आहे. त्याला शिक्षण म्हणू नये, इतकंच.

बहुभाषिकतेच्या काही भक्तांचं बोलणंही तपासून घ्यावं लागतं. मुलाचा मेंदू सगळं आपोआप शोषून घेतो, दोन भाषा शिकवल्या की बुद्धी तल्लख होते, अशा जाहिराती आता पूर्व-प्राथमिक शाळांच्या फलकांवर दिसतात. २०१५ मध्ये अँजेला द ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की द्विभाषिकांना बौद्धिक फायदा होतो असं सांगणारे अभ्यास जास्त छापले जातात, आणि तसा फायदा न आढळलेले मागे पडतात. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने २०१३ मध्ये ६४८ रुग्णांच्या नोंदींवरून द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा दिसतो असं मांडलं, निरक्षरांतही. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण सत्तरीतल्या विसराळूपणाची तजवीज म्हणून कुणी दोन वर्षांच्या पोराला कन्नड शिकवत नाही. आईला कन्नडच येतं, म्हणून ती कन्नड बोलते. त्याला आणखी समर्थन कशाला हवं?

महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या हिंदीच्या वादातही हाच घोळ दिसला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली, १७ जूनला त्यात बदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. निर्णयाला विरोध करायला शिक्षकांची कमतरता, वेळापत्रक, सक्ती, राजकारण अशी भरभक्कम कारणं होती. तरी काहींनी ‘लहान मेंदूला तीन भाषा झेपत नाहीत’ हे कमकुवत शस्त्र उचललं, आणि समर्थकांनी ‘मुलं काय, कितीही भाषा शिकतात’ असं तितकंच पोकळ उत्तर दिलं. आज्जीच्या मांडीवर शिकलेली भाषा आणि आठवड्याच्या तासिकांत पाठ्यपुस्तकातून शिकवलेली भाषा, या दोन्हींना एकच पुरावा लागू होत नाही.

राहता राहिला ‘एक माणूस, एक भाषा’ हा सुशिक्षित पालकांचा आवडता नियम. तो शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मोरीस ग्रामाँ यांनी तो झ्यूल रॉन्झा यांना सांगितला. रॉन्झा स्वतः मुलाशी फ्रेंच बोलले, त्यांची पत्नी जर्मन, आणि १९१३ मध्ये त्या अनुभवाचं पुस्तक निघालं. नियम वाईट नाही, पण तो पाळला की काम झालं असं समजणं चुकीचं. आनिक द हौवर यांनी बेल्जियमच्या डचभाषी फ्लँडर्समध्ये सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध केली. घरी डचशिवाय दुसरी भाषा असूनही जवळपास चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं फक्त डचच बोलत होती. एक पालक डच आणि दुसरा घरची भाषा, असं चोख वाटून बोलणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश घरांनाच यश आलं. दोघंही घरची भाषा बोलत आणि फार तर एकजण अधूनमधून डच वापरत असे, तिथे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. एकजण फक्त डच आणि दुसरा दोन्ही बोलत असेल, तर ते एकतृतीयांशाच्या आसपास घसरलं.

बंगळूरच्या मराठी जोडप्याला किंवा न्यू जर्सीत रविवारी मुलाला मराठी शाळेत पोचवणाऱ्यांना या आकड्यांतून कामाचं उत्तर मिळतं. बाहेरची भाषा शाळा, मैदान, दूरचित्रवाणी आणि मित्र मिळून देणारच आहेत. घरी मराठी बोलायची की इंग्रजी, हा मुलाच्या मेंदूचा प्रश्न उरत नाही. रात्री जेवणाच्या ताटावर दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत भांडतात, यावर तो बराचसा ठरतो.